लुगड्याची खूण आणि न भरणारी जखम

(गेल्या महिन्यात प्रभागसंघाच्या सभेत केलेलं हे भाषण. रोवणीमुळे ज्यांना येता आलं नाही त्यांनी लिहून द्यायला सांगितलं, म्हणून बोलले तसंच लिहिलं आहे. सभेत बायांनी विचारलेले प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

तायांनो, मावश्यांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो.

विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे नुसतं ‘आरोग्य’ लिहिलंय. तुम्हाला वाटलं असेल, ही पोरगी आता पुन्हा हात धुण्याचं नाही तर रक्त कमी असण्याचं सांगणार. आज तसं नाही. आज मी कातडीच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहे.

काही जणी एकमेकींकडे बघून हसल्या. मला कळलं का हसल्या. कातडीचा कॅन्सर म्हणजे गोऱ्या साहेबांचं दुखणं, आपण उन्हात काळ्या झालेल्या बाया, आपल्याला कुठून होणार? मलाही तसंच वाटत होतं. समाजकार्याच्या शिक्षणात आरोग्याचा पेपर होता, त्यात कॅन्सर म्हणजे तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा. कातडीचं नावही नव्हतं. नाव मला शिकवलं ते आपल्याच एका आजीने. तिने परवानगी दिली म्हणून सांगते. तिचं नाव नाही सांगणार, गावही नाही, आणि ज्यांना ओळखू येईल त्यांनी सभेत तिच्याकडे वळून बघू नका.

आजीचं वय विचारलं तर ती म्हणते, “इंदिरा गांधी मेली तवा मले तीन लेकरं होती.” म्हणजे पासष्टीच्या पुढची. आयुष्यभर लुगडं नेसली, आताही लुगडंच. दिवाळीनंतरच्या सभेपासून मी बघत होते, आजी बसली की उजव्या कमरेवरची गाठ सारखी इकडेतिकडे सरकवायची. कधी तिथे हात दाबून धरायची. चार सभा मी हे पाहिलं. चारही सभांत मी तिला काय विचारलं? “आजी, मागच्या महिन्याची परतफेड राहिली आहे.” माझ्या रजिस्टरला बचतीचा रकाना आहे, परतफेडीचा आहे, हजेरीचा आहे. दुखण्याचा रकाना नाही, म्हणून मी विचारलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी इथे सगळ्यांसमोर सांगते आहे.

होळीच्या आसपास एकदा तिच्या लुगड्यावर ओलं दिसलं. पाणी नव्हतं. मागच्या खोलीत नेऊन विचारलं तेव्हा तिने दाखवलं. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी जखम, कडा वर आलेल्या आणि कडक, मध्ये खोल, वास येणारी. किती दिवसांची? “दोन वर्सं झाली असतीन. ते तं लुगड्याचं घट्टं हाय पोरी, साऱ्याच बायांले असते.” हळद लावून झाली होती, टोरीचं तेल लावून झालं होतं. एका दवाखान्यातही जाऊन आली होती. तिथे तिने सांगितलं कमरेला जखम आहे, आणि लुगडं सैलही न करता मलमाची चिठ्ठी मिळाली. आजीही म्हणते, “बाप्या माणसासमोर मी कशी दाखवू?” दोघांच्या मध्ये जखम झाकलेलीच राहिली.

पुढे काय झालं ते सांगते, पण आधी विषय नीट समजून घेऊ. तो समजला नाही तर तुम्ही म्हणाल, आजीचं नशीब.

पहिली गोष्ट, हा रोग किती आढळतो. जगात गोऱ्या लोकांच्या देशांत कातडीचा कॅन्सर सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर आहे. ऑस्ट्रेलियात तर तीनातल्या दोन माणसांना सत्तरीपर्यंत कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो. २०२२ साली जगभरात कातडीच्या कॅन्सरचे १५ लाखांच्या वर नवे रुग्ण मोजले गेले, आणि साधे प्रकार सगळीकडेच कमी मोजले जातात. आपल्या देशात त्याच वर्षी सगळ्या प्रकारचे मिळून १४ लाखांवर नवे कॅन्सर रुग्ण होते. त्यात स्तनाचे सुमारे १ लाख ९२ हजार, तोंडाचे १ लाख ४३ हजारांवर, गर्भपिशवीच्या तोंडाचे १ लाख २७ हजारांवर. कातडीचे शंभरात एक-दोन धरा.

कमी का? आपल्या कातडीतला काळा रंग. हा रंग म्हणजे कातडीने स्वतःवर धरलेली छत्री आहे, उन्हातले बारीक घातक किरण तो वरच्या वर अडवतो. लग्नाच्या आधी गोरं व्हायला ट्यूबा घासणाऱ्या आपल्या पोरींना हे जरूर सांगा. त्यातल्या कितीतरी मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. (हा माझा आवडता भांडणाचा विषय आहे, त्यावर वेगळं बोलेन.)

पण ‘शंभरात एक-दोन’ हे ऐकून सुस्कारा सोडू नका. आपल्याकडे हा रोग कमी होतो, हे खरं. पण झाला की तो उशिरा सापडतो, हेही तितकंच खरं. कारण डोक्यात पक्कं बसलंय की आपल्याला होतच नाही. आणि दुसरं, गोऱ्या माणसाला तो उन्हाने होतो, तोंडावर, हातावर, दिसेल अशा जागी. आपल्याला तो बऱ्याचदा झाकलेल्या जागीही होतो. कमरेला, तळपायाला, जुन्या भाजल्याच्या वणाला.

आता प्रकार. मुख्य तीन आहेत. नावं अवघड आहेत, पण नावांपेक्षा वागणूक लक्षात ठेवा.

आपल्या घराची कुडाची भिंत डोळ्यासमोर आणा. आत बांबूचा ताटवा, त्यावर मातीचा थर, वर शेणामातीचं सारवण. सारवण वाळतं, झडतं, आपण पुन्हा सारवतो. कातडीचंही तसंच. सगळ्यात खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, आणि अंघोळीला घासलं की मळासारख्या निघून जातात. खालच्या थरातच मधूनमधून रंग तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. म्हणजे तीन जागा झाल्या: खालच्या पेशी, वरच्या चपट्या पेशी, आणि रंगाच्या पेशी. जिथे बिघाड होतो त्यावरून प्रकार ठरतो.

खालच्या पेशींचा कॅन्सर, त्याला बेसल सेल म्हणतात. बहुतेक वेळा तोंडावर, नाकाजवळ, डोळ्याच्या कोपऱ्यात. आधी मोत्यासारखा चमकणारा बारीक दाणा, मग त्याच्या मध्ये खड्डा, खपली धरते, पडते, पुन्हा धरते. वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही, पण जिथे आहे तिथे खात सुटतो. जुने डॉक्टर याला उंदराने कुरतडल्यासारखी जखम म्हणायचे. वेळेत काढला तर शंभरातले पंचाण्णव बरे होतात, उशीर केला तर नाक किंवा डोळा जातो.

वरच्या चपट्या पेशींचा, त्याला स्क्वॅमस सेल म्हणतात. आपल्या भागातल्या बायांनी ओळखायचा तो हाच. न भरणारी जखम, कडा उचललेल्या आणि कडक, हात लागला की रक्त, कधी फुलकोबीसारखा मांसाचा गड्डा. हा पहिल्यापेक्षा जोरात वाढतो आणि जवळच्या गाठींत उतरतो. कमरेला किंवा पायाला असेल तर जांघेत गाठ लागते.

तिसरा रंगाच्या पेशींचा, मेलॅनोमा. सगळ्यात कमी आढळणारा आणि सगळ्यात जीवघेणा. काळा किंवा तपकिरी डाग, एका बाजूने वाढत जाणारा, कडा वाकड्यातिकड्या, एकाच डागात दोन-तीन रंग. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो बहुतेक तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैका देशात बॉब मार्ले नावाचा फार मोठा गायक होऊन गेला, सावळाच. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हा निघाला. त्याला आधी खेळताना लागल्याचा मार वाटला होता. १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. आपण बांधीत अनवाणी उतरतो, जंगलात काटे रुततात, नखं रोजच काळी पडतात. माराने काळं झालेलं नख वाढतं तसं डाग पुढे सरकतो आणि काही महिन्यांत निघून जातो. जो काळा पट्टा तिथेच राहतो, रुंद होतो, नखाच्या बाहेर कातडीवर उतरतो, तो दाखवायचा.

आता लुगड्याकडे येते. आजीला मी “हे लुगड्याने झालं असेल” म्हटलं तेव्हा माझ्याच सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. म्हणून पुरावा सांगते.

२०२४ साली आपल्या शेजारच्या वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून दोन बायांची हकीकत इंग्लंडच्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात छापली. पहिली सत्तर वर्षांची. परकराची नाडी आयुष्यभर कमरेला घट्ट बांधत आलेली. उजव्या कुशीत जखम, दीड वर्षापासून भरत नव्हती. दुसरी साठीच्या शेवटाला आलेली. तिने चाळीस वर्षं रोज लुगडं नेसलं, आत परकर न घालता, कमरेला करकचून बांधून. तिची जखम दोन वर्षांची होती. दोघींच्याही जखमेचा तुकडा तपासला तर चपट्या पेशींचा कॅन्सर. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीत उतरलेला होता.

हे काही नवं नाही बरं का. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत खानोलकर नावाचे मोठे संशोधक होते. त्यांनी १९४५ सालीच लिहून ठेवलंय की धोतर कमरेला घट्ट बांधणाऱ्या पुरुषांना त्याच जागी कातडीचा कॅन्सर होतो. तेव्हापासून डॉक्टर त्याला धोतर कॅन्सर म्हणतात, आणि बायांच्याला साडी कॅन्सर. काश्मीरमध्ये थंडीत लोक अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात, त्यांना पोटावर आणि मांडीवर होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर काही बाया चुट्टा पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, त्यांना टाळूला होतो. जिथे रोज घासतं, रोज भाजतं, तिथे रोज नवी कातडी तयार करता करता पेशींचा हिशोब कधीतरी चुकतो.

लुगड्याचं घडतं कसं ते बघा. एकच गाठ, एकाच जागी, तीस-चाळीस वर्षं. एप्रिल-मेमध्ये तेंदूच्या फडावर आपण पहाटेपासून उन्हात, घामाने कमर भिजलेली, वर धूळ. त्या ओल्या कातडीवर दोरी घासते. आधी कातडी काळी किंवा पांढरट होते, जाड होते, खाजते, कोंडा सुटतो. इथपर्यंत तो रोग नाही, आणि इथपर्यंत आपल्यातल्या अर्ध्या जणी आहेत, माझी आईसुद्धा. मग कुठेतरी चीर पडते. ती भरायच्या आत पुन्हा घासते. चीर भरते, उलते, भरते, उलते. असं वर्षानुवर्षं चाललं तर एखादीच्या त्या जखमेत कॅन्सर शिरतो. सगळ्यांना होत नाही, फार थोड्यांना होतो. लुगडं टाकून द्या असं मी म्हणत नाही. मी तसं म्हटलं तर आजी मला सभेतून हाकलून देईल.

करायचं एवढंच. गाठ रोज त्याच जागी मारू नका, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, कधी वर, कधी खाली. रात्री सैल करून झोपा. परकराला सुतळीसारखी बारीक नाडी असते ती मांसात रुतते, त्याऐवजी चार बोटं रुंद कापडी पट्टी लावा, दाब वाटला जातो. इलास्टिकही घट्ट असेल तर तेच काम करतं. घाम धुवा, कोरडं करा, तेलाचं बोट लावा. कातडी काळी-जाड झाली असेल त्या पट्ट्यावर बांधणं बंद करा. आणि आपल्या शिलाईवाल्या गटाला माझी विनंती आहे, रुंद पट्टीचे परकर शिवून बघा. पहिले दोन मी घेते, एक माझ्या आईला.

लुगड्यासारखीच दुसरी जागा म्हणजे जुना वण. चुलीवर भाजलेलं, गरम पाणी सांडलेलं, लहानपणी शेकोटीत पडलेलं. खोल भाजून, कातडी न लावता तशीच ओढून-ताणून भरलेली जागा असते ना, चिवट आणि चकाकणारी, ती पुन्हा पुन्हा फुटते. अशा वणात वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. मार्जोलिन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दोनशे वर्षांपूर्वी, १८२८ साली, वणावरच्या अशा जखमांचं वर्णन केलं, त्याचंच नाव त्या जखमेला पडलं. वर सांगितलेल्या वर्ध्याच्या कागदातही तेच नाव आहे. त्यामुळे ‘लहानपणीचा वण आहे, त्याला काय होतंय’ असं म्हणू नका. जुना वण अचानक ओला झाला, खाजायला-दुखायला लागला, त्यावर गड्डा आला, की दाखवा.

तिसरी जागा कुष्ठरोग्यांचा तळपाय. आपले दोन्ही जिल्हे कुष्ठरोगाचे जुने घर आहेत. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली आणि वरोऱ्याचं आनंदवन उभं राहिलं, ते काही उगाच नाही. आज कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं आणि माणूस पूर्ण बरा होतो. पण उशिरा बरा झालेल्याच्या पायाला कळ कळत नाही. काटा रुततो, निखारा लागतो, समजत नाही, तळव्याची जखम दहा-दहा वर्षं राहते. त्या जखमेतही हाच चपट्या पेशींचा कॅन्सर होतो. घरातल्या म्हाताऱ्याला ओसरीवर वेगळं बसवलं असेल तर त्याचा पाय बघायला कोणी जात नाही. तुम्ही जा.

पाण्याचंही एक सांगते, कोरचीकडच्या बायांसाठी. आपल्या सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये अंबागड चौकीच्या भागात कौडीकसा गाव आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमलाचं विष, १९९९ च्या सुमारास सापडलं. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके येतात, तळहात-तळपायाला खरखरीत दाणे येतात, आणि पुढे कातडीचा कॅन्सरही होतो. एकाच बोअरच्या पाण्यावरच्या दोन-तीन घरांत असं दिसलं तर ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून मागा. चंद्रपूरकडे फ्लोराइडची तक्रार आहे, तिचा त्रास दातांना आणि हाडांना होतो, ती गोष्ट वेगळी.

आणि खर्रा. तुम्ही म्हणाल, आता कातडीत खर्रा कुठून आला? तोंडाच्या आतलं अस्तर हेही चपट्या पेशींचंच आहे. आजीच्या कमरेचा आणि खर्रा खाणाऱ्याच्या गालाचा कॅन्सर एकाच जातीचा. सुपारी, तंबाखू आणि चुना गालात धरून दिवसभर घासत बसलं तर आत तेच होतं जे नाडीने बाहेर होतं, फक्त कितीतरी पट जास्त आणि लवकर. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या नंबरवर आहे. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ दारू आणि तंबाखूवर काम करतंय, तुमच्यातल्या कित्येकींनी गावात खर्राबंदीचे ठराव घेतले. पण खरं सांगा, रोवणीच्या बांधीत ओटीला खर्र्याची पन्नी आज किती जणींच्या आहे? हात वर करू नका. मला दिसतंय.

कातडी बघायची कशी, तर महिन्यातून एकदा, डोक्यावरून पाणी घ्याल त्या दिवशी. कमरेचा पूर्ण पट्टा, तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, जुने वण, ओठ, आणि आरशात तोंड उघडून गालाच्या आत. पाठ सुनेला नाही तर मैत्रिणीला बघायला सांगा. जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, हा एकच नियम पाठ करा. दुखत नाही म्हणून सोडू नका. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखतच नाही, म्हणून तर आजीची दोन वर्षं गेली.

आता आजीचं पुढचं.

होळीला मी म्हटलं दवाखान्यात चल. ती म्हणाली मोहफुलं वेचून होऊ दे. मोह संपला तर तेंदूचा फड उघडला. “सत्तर पानाचा एकेक पुडा बांधून माह्यं वर्साचं मीठ-तेल निघते, तू देशीन का?” खोटं नाही. पंधरा दिवसांचा हंगाम, तो सोडला तर वर्षभराची रोकड गेली. मी तेव्हा भांडले नाही, आणि अजून मला कळत नाही भांडायला पाहिजे होतं की नाही. फड बंद झाला त्या आठवड्यात आम्ही निघालो. गटातून प्रवासासाठी तीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं, तेव्हा एक ताई म्हणाली, “आजारपणाचं कर्ज परत येत नाही.” त्यावर बरंच वाजलं. शेवटी आजीच्या शेजारणीने जामीन राहते म्हटलं आणि कर्ज मंजूर झालं.

मोठ्या दवाखान्यात आम्ही एकच हट्ट धरला, बाईडॉक्टर पाहिजे. तासभर थांबावं लागलं, पण मिळाली. तिने पडदा ओढला, लुगडं सोडायला लावलं, जखम बघितली, जांघेत चाचपलं, आणि म्हणाली तुकडा काढून तपासायचा. तिथे आजी अडली. गावात सगळे म्हणतात, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. डॉक्टरीणबाईंनी चिडता समजावलं नाही, उलट विचारलं, “आजी, फणसात कीड आहे का नाही ते न कापता कळते का?” तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. उलट कुठला प्रकार आहे हे कळल्याशिवाय इलाज ठरवताच येत नाही. पसरतो तो वाट बघण्याने.

अहवाल आला, चपट्या पेशींचा कॅन्सर. जांघेतल्या गाठी मोकळ्या होत्या. जूनमध्ये ऑपरेशन झालं, जखमेभोवतीची चांगली कातडीही थोडी काढली, मांडीची कातडी आणून तिथे लावली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं, ऑपरेशनचे पैसे लागले नाहीत. लागले ते जाण्यायेण्याचे, सोबतच्या माणसाच्या जेवणाचे, आणि बुडालेल्या मजुरीचे. या तिन्हीसाठी कुठली योजना नाही, हे मला नीट कळलं.

आजी आता बरी आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचंय. तिने परवा मला परतफेडीचे पाचशे दिले आणि म्हणाली, “लिव तुह्या वहीत.”

सभेत आलेले प्रश्न:

एका ताईने विचारलं, माझ्या पाठीवर जन्मापासून तीळ आहे, काढून टाकू का? नाही. वर्षानुवर्षं तसाच असलेला तीळ आपला आपण असतो. वाढला, रंग बदलला, खाजला, रक्त आलं तर दाखवा. घोड्याच्या केसाने किंवा दोऱ्याने बांधून पाडू नका.

हे लागतं का? नाही. एका ताटात जेवा, एका खाटेवर बसा. आजीची सून तिचा तांब्या वेगळा ठेवत होती, आता ठेवत नाही.

पांढरे डाग, म्हणजे कोड, त्याचा कॅन्सर होतो का? कोड वेगळं, त्याला घाबरू नका. पण जन्मतःच केस पांढरे, कातडी दुधासारखी आणि उजेडात डोळे मिटणारी लेकरं असतात, त्यांच्या कातडीत रंगाची छत्रीच नसते. त्यांना मात्र उन्हापासून जपायचं, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावर रुंद टोपी, आणि शाळेत खिडकीपासून दूर बसवायला मास्तरांना सांगायचं. अशा लेकरांना उन्हाने कातडीचा कॅन्सर तरुणपणीच होऊ शकतो.

जायचं कुठे? आधी आशाताईला सांगा, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नेईल. तिथून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय किंवा चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कातडीच्या डॉक्टरकडे. पुढे गरज पडली तर सेवाग्राम, सावंगी, किंवा नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल. राशनकार्ड आणि आधार मूळ प्रत सोबत ठेवा, झेरॉक्सवर परत पाठवतात. योजनेच्या दवाखान्यात दाराजवळ ‘आरोग्यमित्र’ बसतो, आधी त्याला गाठा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज या योजनेत होतो.

आणि शेवटी एका मावशीने सगळे उठत असताना हळूच विचारलं, “पोरी, तू पुढच्या गुरुवारी आमच्या गावात येशीन का? मले काई दाखवाचं हाय.” गुरुवारी मी जाते आहे. आशाताईलाही सोबत घेतलं आहे. त्या गावच्या आणखी कोणाला दाखवायचं असेल तर दुपारी दोननंतर अंगणवाडीच्या मागच्या खोलीत या. दार लावलेलं असेल, आत फक्त आम्ही दोघी असू.